एकोणीस कड्या

आपलंच वाक्य परक्याच्या तोंडून ऐकल्यावर माणूस किती दचकतो हे पाटीबाईंना त्या सोमवारी सकाळी कळलं. त्यातून कानाला हेडफोन, हातात चहाचा कप आणि समोर जुन्या लोकांच्या आठवणी टिपायला ऑफिसनं नेमलेली रेकॉर्डिंगवाली मुलगी डोळे मोठे करून उभी, म्हणजे मोकळेपणानं दचकायचीही सोय नाही. हेडफोनमध्ये एक म्हातारा सावकाश बोलत होता. मागे कुठेतरी भांडी लावल्याचा आवाज येत होता. ‘आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. तिचं तोंड आठवत नाही मला, खोटं कशाला बोलू? फोटोबिटो काढायची पद्धत नव्हती आमच्यात. पण आवाज आठवतो. एकच वाक्य आठवतं. कारखान्याच्या भिंतीला कड्या आहेत ना, होड्या बांधायच्या, त्या वाजायला लागल्या की आई म्हणायची, कड्या वाजतायत, पाणी चढलं. बास, एवढंच. माझ्याकडे आईचं म्हणून एवढंच आहे बघा.’ मग तो खोकला, आणि रेकॉर्डिंगवालीचा स्वतःचा आवाज ‘पाणी देऊ का काका?’ असं म्हणाला. पाटीबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ‘कसलं भारी आहे ना?’ रेकॉर्डिंगवाली म्हणाली. ‘माझ्या तर अंगावर काटा आला. शुक्रवारच्या सुनावणीला हेच लावायचं. नाहीतर काकांनाच आणायचं, समक्ष. चावीवाले काका म्हणतात त्यांना, आयुष्यभर चाव्या बनवल्यात.’ पाटीबाई ‘हो, भारी आहे’ म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला. चहा गरम आहे की गार हे त्यांना काही केल्या कळेना.

कारण ते वाक्य त्यांचं होतं. बावीस वर्षांपूर्वी, पाट्या बनवणाऱ्याच्या दुकानात, एका मोडक्या स्टुलावर बसून त्यांनी ते लिहिलं होतं, आणि तेही कुणाला विचारून नाही, कुठे वाचून नाही, तर जागा भरायला. शहरातल्या जुन्या वास्तूंपुढे माहितीच्या पाट्या लावायचं काम त्यांच्याकडे तेव्हा नवंनवं आलेलं. आज अशा चाळीसएक पाट्या त्यांच्या नावावर आहेत, म्हणूनच तर ऑफिसात सगळे त्यांना पाटीबाई म्हणतात. पहिल्यांदा हे नाव चेष्टेनं पडलं, मग चेष्टा विसरली आणि नाव राहिलं. नदीकाठच्या ब्लँकेटच्या कारखान्याची पाटी ही त्यातली तिसरी की चौथी. मजकूर तयार होता: कारखाना कधी सुरू झाला, कधी बंद पडला, किती माणसं कामाला होती. पाटीवाल्यानं तो पत्र्यावर खडूनं आखून पाहिला आणि मान तिरकी करून म्हणाला, ‘बाई, खाली मोकळं दिसतंय हो. टक्कल पडल्यासारखं. दोन ओळी टाका काहीतरी.’ काहीतरी! त्यांच्याकडे भिंतीचा एक फोटो होता, त्यात खालच्या बाजूला लोखंडी कड्या दिसत होत्या. नदीकाठची भिंत, भिंतीला कड्या, म्हणजे होड्याच बांधत असणार, दुसरं काय? त्यांनी लिहिलं, ‘या कड्यांना मालाच्या होड्या बांधत. कड्या वाजू लागल्या की पाणी चढलं, असं काठावरचे लोक ओळखत.’ पहिलं वाक्य अंदाज होता. दुसरं तर अंदाजही नव्हता. ते नुसतं कानाला बरं वाटलं म्हणून आलं, आणि पाटीवाला ‘वा!’ म्हणाला म्हणून राहिलं. त्या दिवशी घरी जाताना त्यांना काय आनंद झाला होता! आपण काहीतरी शोधून काढलं, असाच तो आनंद होता, हे आता आठवून त्यांची कानशिलं तापली.

बरं, ती ओळ पाटीवर गपचूप बसून राहिली असती तरी चाललं असतं. पण तिला पाय फुटले. शाळेच्या सहलीत मास्तर ती मोठ्यानं वाचून दाखवायचे. पोस्टकार्डांवर छापली गेली. ज्या भिंतीला पूर्वी नावच नव्हतं तिला लोक होडीभिंत म्हणायला लागले. आणि आता नदीकाठच्या, त्या कारखान्याच्या पाच पडक्या इमारती नव्यानं बांधायला निघाल्यावर तर त्या ओळीचं वजन आणखी वाढलं. इमारती राहणार, आत घरं, दुकानं, एक वाचनालय होणार, यावर सगळ्यांचं जमलं होतं. अडलं होतं ते भिंतीपाशी. बांधकाम कंपनीचं म्हणणं, ती भिंत पाडा, नदी मोकळी दिसू द्या, लोकांना पाणी बघायचंय, भिंत नाही. पाटीबाईंच्या ऑफिसचे मोठे आर्किटेक्ट म्हणत, भिंत हलवायची नाही. जुन्या वास्तूंच्या समितीपुढं शुक्रवारी सुनावणी. ‘तुमच्या दोन ओळींवर भिंत उभी आहे बाई,’ असं मोठे आर्किटेक्ट गेल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाले होते, आणि पाटीबाई लाजल्या होत्या. बाकी त्या भिंतीत आहे काय? दगड साधे, कमान नाही, कोरीवकाम नाही. कड्या आहेत आणि कड्यांची गोष्ट आहे. आता त्या गोष्टीला साक्षीदारही मिळाला होता, एकोणऐंशी वर्षांचा, साधासरळ, ज्याच्या बोलण्यात खोटेपणाचा लवलेशही नाही असा.

दुपारभर त्या टेबलाशी बसून राहिल्या. समोर दुसऱ्याच कुठल्या पाटीचं प्रूफ होतं, ते तीनदा वाचलं आणि तीनदा विसरलं. म्हातारा खोटं बोलत नव्हता, हेच तर अवघड होतं. खोटं बोलणारा माणूस सजवतो, हा तर हातचं सगळं खाली ठेवून बोलत होता. म्हणजे झालं काय असेल? रोज फिरायला येत असेल, रोज पाटी वाचत असेल. आईचा आवाज शोधत असेल आणि आवाजाला शब्द नसतील, आणि एक दिवस पाटीवरचे शब्द त्या आवाजात जाऊन बसले असतील. असं होतं का? असं होतं, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. मागच्या वर्षी त्यांनी दादाला फोनवर सहज म्हटलं होतं, आठवतं का रे, बाबांच्या सायकलच्या चाकात माझा पाय अडकला होता, चप्पल तुटली, बाबांनी रस्त्यात मला उचलून घेतलं. त्यांना तो बाबांच्या शर्टाचा वाससुद्धा आठवत होता. दादा पलीकडून खो खो हसत सुटला. ‘अगं बावळट, पाय माझा अडकला होता! तू तेव्हा झालीससुद्धा नव्हतीस. आई सांगायची ती गोष्ट, तू ऐकून ऐकून ढापलीस.’ त्या चिडल्या होत्या. मग दोन दिवस पायाच्या घोट्यावर खूण शोधत होत्या. खूण नव्हती. शर्टाचा वास मात्र अजून होता, तो काही केल्या जाईना. मग उलटंही झालं असेल का? हा विचार आला आणि त्यांचा हात कागदावरच थांबला. कदाचित आपणच कुणाकडून तरी ऐकलं असेल, आणि आपण बनवलं असं आपल्याला वाटत असेल. कड्या वाजतायत. कुठून आलं हे? स्टुलावर बसल्या बसल्या हवेतून? त्या मागं मागं जाऊ लागल्या, आणि मामाच्या घराचं मागचं दार आठवलं. त्या दाराची कडी सैल होती, वारा सुटला की वाजायची, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘कडी वाजतेय गं, वारा सुटला. कपडे काढ.’ असं म्हणायची का? की हेही आत्ताच बनवलं? छे, डोक्याचा भुगा व्हायची वेळ. पण जर म्हणत असेल, तर मग त्या चावीवाल्या काकांना जे ऐकू येतं ती आईच आहे, फक्त दुसऱ्याची. पाटीबाईंना हसू आलं, आणि त्यांनी प्रूफ बाजूला सारलं.

मंगळवारी त्या मोजायची टेप घेऊन भिंतीपाशी गेल्या. इतकी वर्षं झाली, भिंतीवर दोन ओळी लिहिल्या, आणि कड्यांना एकदा हात म्हणून लावला नव्हता! पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या, त्यावर शेवाळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक फुटकी बादली. खालच्या रुंद पायरीवर उभं राहून त्यांनी आधी कड्या मोजल्या. एकोणीस. सातवी आतून डावीकडं जरा जास्त झिजलेली दिसली, गंजानं असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. मग दोन कड्यांमधलं अंतर मोजलं, आणि टेप पुन्हा लावून बघितली, कारण विश्वास बसेना. दीड हात. सगळीकडे दीड हात, एका ओळीत. दीड हातावर होड्या बांधायच्या म्हणजे होड्या कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्याच रचाव्या लागल्या असत्या! त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या. वरून जाणारा एक माणूस वाकून बघून गेला. हसू ओसरलं तशी एक वेगळीच उत्सुकता अंगात शिरली. होड्या नाहीत तर मग काय? दिवे अडकवत? मग इतक्या खाली कशाला? दोऱ्या बांधून ब्लँकेटं वाळत घालत? नदीच्या तोंडावर, शेवाळात कोण वाळत घालतं? जनावरं? जनावरं इथं पायऱ्या उतरून येणार कशी? त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, उगाच, विचार करायला, आणि कडी बरोबर त्यांच्या कमरेत टोचली. पलीकडच्या कडीशी उभ्या राहिल्या, तीही कमरेत. प्रत्येक कडी कमरेत. मोजून काढलेलं अंतर कागदावर एक आणि अंगाला टोचल्यावर दुसरंच काही सांगतं. हे माप माणसाचं होतं. माणसाच्या कमरेचं माप, दीड हातावर एक, एकोणीस माणसांचं. त्या पटकन भिंतीपासून लांब सरकल्या. माणसं बांधून ठेवत होते की काय इथं? ऊन होतं, पलीकडच्या काठावर पोरं चेंडू खेळत होती, तरी त्यांना तिथं थांबवेना.

बुधवारी त्या चावीवाल्या काकांकडे गेल्या त्या सांगून टाकायला. वाटेत मनातल्या मनात तालीमही केली: काका, ती पाटी मी लिहिली, ती ओळ माझी, मला क्षमा करा. सोपं होतं. काकांचं घर दुकानाच्या वरच होतं. दुकान बंद, पण वरच्या खोलीत भिंतीवर चाव्यांचे जुडगे अजून लटकत होते, कुलपं नसलेल्या चाव्या, शंभरएक असतील. सुनेनं चहा आणला. काका खुर्चीत ताठ बसले होते. बोटं जाड, पण नखं स्वच्छ. पाटीबाईंनी सुरुवात केली, ‘काका, ती भिंतीपुढची पाटी आहे ना...’ आणि काका लगेच म्हणाले, ‘सुंदर आहे हो. रोज वाचतो. लोकांना वाटतं म्हातारा तेच तेच काय वाचतो. अहो, तेवढ्यानं दिवस बरा जातो माझा.’ झालं. पाटीबाईंनी कप उचलला. वेळ मारून न्यायला म्हणून त्यांनी विचारलं, ‘आई काय काम करायच्या कारखान्यात?’

‘धुलाईला होती. ब्लँकेटं नदीत धुवायच्या बायका. वाहतं पाणी लागतं त्याला, साठलेलं चालत नाही, रंग बसतो. ओलं ब्लँकेट म्हणजे काय वजन सांगू तुम्हाला! एकदा प्रवाहानं धरलं की बाईसकट ओढून नेणार. म्हणून दोर बांधायच्या कमरेला.’ त्यांनी स्वतःच्या बरगडीखाली, डाव्या बाजूला हात ठेवला. ‘इथं घट्टा पडला होता आईच्या. पट्टाच म्हणा. खरखरीत. मी झोपताना हात तिथं ठेवायचो. तोंड आठवत नाही, पण हे हाताला आठवतं. हे काही त्या रेकॉर्डिंगवाल्या पोरीला सांगितलं नाही मी. असलं काय सांगायचं!’

‘आणि दोराचं दुसरं टोक?’ पाटीबाईंचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. ‘ते कुठे बांधायच्या?’

काका विचारात पडले. ‘ते काय माहीत? बांधत असतील कुठेतरी. सहा वर्षांचं पोर, मला कोण नदीवर जाऊ देतंय.’

पाटीबाईंना खुर्चीतून उठून नाचावंसं वाटलं. खरंच, पन्नाशी उलटलेल्या बाईला शोभणार नाही असा आनंद त्यांना झाला. एकोणीस बायका, पाण्यात कमरेएवढ्या उभ्या, दीड हातावर एक, पाठीशी भिंत आणि भिंतीला आपला दोर. चित्र असं लखलखीत समोर आलं की त्यांना काकांकडे बघायचं भानच राहिलं नाही. घर आठवेना, पाटी आठवेना. आणि भान आलं तेव्हा काका बोलत होते, ‘पण वाक्य एकच राहिलं बघा. कड्या वाजतायत. तेवढं नसतं तर मला आई होती हे लोकांनी सांगितलं म्हणूनच मानावं लागलं असतं. शुक्रवारी सांगणार आहे सगळ्यांसमोर. सुनेनं शर्ट इस्त्री करून ठेवलाय.’ सून दारातून हसली. पाटीबाईही हसल्या. चहा चांगला झालाय म्हणाल्या. आणि जिना उतरून रस्त्यावर आल्या. ज्यासाठी गेल्या होत्या ते सोडून बाकी सगळं झालं होतं. रस्त्यात त्यांचा एक पाय आनंदात पडत होता आणि एक लाजेत. असं चालत त्या कशाबशा बसथांब्यापर्यंत गेल्या.

गुरुवारचा दिवस त्यांनी स्वतःची समजूत घालण्यात घालवला. माणूस त्यात फार हुशार असतो. भिंत वाचली की झालं ना? होडीमुळं वाचली काय आणि दोरामुळं वाचली काय! भिंत वाचल्यावर मग सावकाश पाटी बदलता येईल. म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं, किती दिवस राहिलेत त्याचे? हे सगळं पटण्यासारखं होतं, आणि पटतही होतं, दर अर्ध्या तासानं पुन्हा पटवून घ्यावं लागत होतं एवढंच. संध्याकाळी त्यांनी आपल्या चाळीस पाट्यांची यादी काढली आणि पेन्सिल घेऊन बसल्या. कुठल्या ओळी ऐकलेल्या, कुठल्या वाचलेल्या, कुठल्या जागा भरायला टाकलेल्या? पहिल्या दहा पाट्यांतच सहा ठिकाणी पेन्सिल अडखळली. एक विहीर, जिथं प्रवासी नाणी टाकत, असं त्यांनी लिहिलं होतं. आता तिथं खरंच नाणी टाकतात लोक, त्यांनी स्वतः पाहिलं होतं. मग ते खोटं म्हणायचं की खरं? नवरा आतून म्हणाला, ‘जेवायचं नाही का?’ त्यांनी यादी उलटी घातली आणि पानं घ्यायला उठल्या.

शुक्रवारी सभागृहात गर्दी होती. समितीच्या अध्यक्षबाई मधे, एका बाजूला कंपनीचे इंजिनियर, दुसऱ्या बाजूला मोठे आर्किटेक्ट, त्यांच्या मागं रेकॉर्डिंगवाली आणि तिच्या शेजारी पाटीबाई. काका इस्त्रीच्या शर्टात पुढं आले. माइकला हात लावला नाही, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. तोंड आठवत नाही, आवाज आठवतो, कड्या वाजतायत, पाणी चढलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. मोठ्या आर्किटेक्टांनी मागं वळून पाटीबाईंकडे बघून मान हलवली, जिंकलो म्हणून. तेव्हा कंपनीचे इंजिनियर उठले. माणूस काही वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. ‘काका, राग मानू नका. तुम्ही सांगितलंत ते पाटीवर जवळजवळ तसंच लिहिलंय. मग हे आठवणीतलं आहे की पाटीवरचं?’ काकांना राग आला नाही. त्यांना उलट गंमत वाटली. ‘अहो, ज्यानं पाटी लिहिली त्यानंही कुणाकडून तरी ऐकूनच लिहिली असेल ना? आईच्या बरोबरीची कोणी असेल. विचारा की त्यालाच.’

काही लोक हसले. रेकॉर्डिंगवालीनं कोपरानं ढोसलं, ‘बाई, उठा ना, सांगा.’ ती किती विश्वासानं बघत होती! पाटीबाई उठल्या. उठताना त्यांना अजून माहीत नव्हतं आपण काय बोलणार आहोत. ऐकलं होतं, असं म्हणता आलं असतं. मामाच्या दाराची कडी होतीच की, तेही अगदीच खोटं झालं नसतं. पण काका त्यांच्याकडे वळून बघत होते, आणि बघण्यात साधं कुतूहल होतं, की सांगा बरं, कुणाकडून ऐकलंत? कोण होती ती बाई? माझ्या आईला ओळखायची का? त्या बघण्यापुढं आणखी एक माणूस बनवायचा म्हणजे त्याला नाव द्यावं लागणार, गाव द्यावं लागणार. ‘ती ओळ मी लिहिली,’ त्या म्हणाल्या. ‘कुणाकडून ऐकली नाही. पाटीवर जागा उरली होती म्हणून लिहिली.’ पुढचं त्या भराभर बोलत सुटल्या, दीड हाताचं अंतर, कमरेची उंची, धुलाईच्या बायका, दोर. पण त्यांच्या लक्षात आलं की पहिल्या दोन वाक्यांनंतर कुणी ऐकत नाहीये. मोठे आर्किटेक्ट टेबलाकडे बघत होते. रेकॉर्डिंगवालीनं खुर्ची नकळत जराशी पलीकडे घेतली होती. अध्यक्षबाईंनी एकदोन गोष्टी विचारल्या, शेजारच्यांशी कुजबुजल्या आणि निर्णय सांगितला. तीन महिन्यांत नीट तपासून पुराव्यासकट अहवाल द्या, तोवर भिंतीला कुणी हात लावायचा नाही. आणि अहवाल पाटीबाईंनी लिहायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी लिहावा, असंही त्या म्हणाल्या, अगदी सभ्यपणे. पाटीबाईंनी मान डोलावली. मान वर केली तर काकांची खुर्ची रिकामी.

सून दारात उभी होती, तिनं नुसतं नदीच्या दिशेला बोट दाखवलं. काका खालच्या रुंद पायरीवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट मागच्या शेवाळाला लागला होता. पाटीबाई दोन पायऱ्या वर थांबल्या. पुढं जायचा धीर होईना. ‘या,’ काका पाठमोरेच म्हणाले. ‘घसरतंय, जपून या.’ त्या उतरून शेजारी बसल्या. ‘वाचून वाचून आपलंसं झालं असेल,’ काका म्हणाले. ‘मी आत्ता आठवून बघितलं. पाटीच्या आधी ती काय बोलायची. काही नाही हो. काहीच येत नाही. बावीस वर्षं रोज सकाळी बोलत होती माझ्याशी, आज गप्प झाली.’

‘मी आधी तुम्हाला सांगायला हवं होतं काका. बुधवारी त्यासाठीच आले होते.’

‘मग?’

‘दोराचं कळलं आणि मला आनंद झाला. तुमचं विसरले असं नाही म्हणत. टाळलं.’

काका ‘हं’ म्हणाले. त्या हुंकारात क्षमा होती की नाही हे पाटीबाईंना कळेना, आणि कळून घ्यायचा हक्कही आपल्याला नाही असं वाटलं. मग काका गुडघ्यावर हात टेकून उठले आणि भिंतीकडे वळले. जवळच्या कडीवर त्यांनी बोट ठेवलं, आधी बाहेरून, मग आतून. आयुष्यभर लोखंड चाचपलेलं ते बोट एका जागी थांबलं. ‘खाच आहे,’ ते म्हणाले. ‘अरुंद. होडीचा दोर जाड असतो, तो असा खात नाही. हा बारीक दोर. आणि सारखा हलणारा.’ बावीस वर्षं ते या कड्यांसमोरून चालत गेले होते आणि एकदाही त्यांना हात लावला नव्हता, हे दोघांच्याही बहुधा एकदमच ध्यानात आलं. काकांनी कडी उचलून सोडून दिली. ती दगडावर आपटली, तिचा आवाज काही खास नव्हता. ते पुढच्या कडीकडे बघत राहिले, मग तिच्या पुढच्या, मग टोकापर्यंत. त्यांचा चेहरा बदलला होता. दुःख होतंच, पण त्यात आता बुधवारी पाटीबाईंच्या चेहऱ्यावर आलं असेल तसलं काहीतरी मिसळलं होतं.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘यातली आईची कुठली?’

उत्तर पाटीबाईंच्या मनात तयारच होतं. इतकं तयार, की त्या घाबरल्या. सातवी. तिची खाच डावीकडं जास्त खोल होती, त्यांनी मंगळवारी पाहिलं होतं, आणि आईचा घट्टा डाव्या बाजूला. सांगितलं असतं तर काकांनी लगेच मानलं असतं, रोज येऊन त्या एका कडीला हात लावला असता, आणि वर्षभरात त्यांना आईनं स्वतः ती दाखवल्याचंही आठवलं असतं. किती सोपं होतं आणि किती चांगलं दिसलं असतं! त्यांनी ओठ घट्ट मिटले, मग उघडले.

‘माहीत नाही काका,’ त्या म्हणाल्या. ‘मला खरंच माहीत नाही.’

काकांनी चपला काढून कडेला ठेवल्या, पायरीवरून जपून चालत भिंतीच्या अगदी टोकाला गेले आणि पहिल्या कडीपासून हात लावायला सुरुवात केली.